दार उघडायचं बटण

उत्सुनोमिया स्टेशनवर गाडी समोर उभी होती. आत दिवे लागलेले, माणसं बसलेली, आणि आम्ही पाचजण बंद दारासमोर रांगेत. गाडी सुटायला चार मिनिटं उरली तरी दार उघडेना. बाबांनी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी आतल्या एका शाळकरी पोराला दया आली. त्याने आतून बटण दाबलं आणि दार सरकलं. तसंच बटण बाहेरही होतं, माझ्या खांद्याशेजारी, हिरवा दिवा लागलेलं. टोकियोत तीन वर्षं राहून मला त्याचा पत्ता नव्हता. आम्ही निशी-कासाईला राहतो, तिथल्या मेट्रोची दारं आपोआप उघडतात. थंडीच्या मुलखात मात्र डब्यातली ऊब जाऊ नये म्हणून ज्याला चढायचं-उतरायचं त्याने बटण दाबायचं, आणि आत आल्यावर 'बंद'चंही दाबायचं.

बाबांनी आत येताच ते बंदचं बटण दाबलं आणि जाहीर केलं, "हे काम आता माझ्याकडं."

बाबा एसटीत कंडक्टर होते. तेहेतीस वर्षं, बहुतेक सगळी कराड आगारात. निवृत्तीनंतर आईला घेऊन पहिल्यांदाच आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. आल्या आल्या आम्ही हौसेने त्यांना शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, क्योतोला नेऊन आणलं. परतल्यावर कसं वाटलं विचारलं तर म्हणाले, "गाडी चांगली आहे, पण खिडकीतलं एक गाव नीट बघून होत नाही तोवर पुढचं येतं. इथं पॅसेंजर नसते का?"

असते की. आणि तिच्यासाठी खास तिकीटही असतं. सेइशुन जुहाची किप्पु, म्हणजे 'तारुण्याचं अठराचं तिकीट'. नावात अठरा असले तरी वयाची अट नाही. शाळा-कॉलेजांच्या सुट्टीच्या दिवसांत हे निघतं आणि त्यावर देशभरातल्या जेआरच्या (जपान रेल्वेच्या) साध्या गाड्यांतून कितीही फिरता येतं. शिंकान्सेन आणि एक्सप्रेस वर्ज्य. पूर्वी एकाच तिकिटावरचे पाच दिवस सवडीने वापरता यायचे, पाच माणसांत वाटूनही घेता यायचे. २०२४ च्या हिवाळ्यापासून ती सोय गेली. आता माणशी एक तिकीट, आणि सलग तीन किंवा सलग पाच दिवस. पाच दिवसांचं १२,०५० येन. मुलांना अर्धं तिकीट नाही, त्यामुळे आमच्या नऊ वर्षांच्या लेकीचं, ओवीचंही पूर्ण. पाच जणांचे ६०,२५० येन मोजताना नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बाबा तिकीट उलटसुलट करून म्हणाले, "सदुसष्टाव्या वर्षी तरुणाचा पास मिळाला. कर खर्च."

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. बेत असा: पहिल्या दिवशी साध्या गाड्यांनी उएनोहून फुकुशिमा प्रांतातलं आइझू-वाकामात्सु. मग त्याच्या आसपास दोन दिवस. चौथ्या दिवशी तादामी लाइनने डोंगर ओलांडून निइगाताच्या बाजूला. पाचव्या दिवशी घरी. रोज एकच मोठं काम, आणि दुपारी कुठेतरी आईला पाठ टेकायला जागा.

उएनो ते आइझू-वाकामात्सु चार ठिकाणी गाडी बदलावी लागते. कुरोइसोला तर बदलावीच लागते, कारण तिथे वरच्या तारेतला करंट बदलतो. दक्षिणेला डीसी, उत्तरेला एसी. नवरा हे सगळं आईला समजावत होता. आईने एकच विचारलं, "म्हणजे परत जिने चढायचे का?" चढायचे होते. गाडी बदलायला जेमतेम काही मिनिटं असतात आणि सगळा डबा एकदम पळत सुटतो. आम्ही पळालो नाही. पुढची गाडी गेली तर त्याच्या पुढची, असं आधीच ठरलं होतं. तशी एक गेलीही. स्टेशनातल्या काचेच्या उबदार खोलीत बसून आम्ही दशम्या खाल्ल्या.

कोरियामाहून बान्एत्सु-सेइ लाइनला लागलो आणि उजव्या हाताला बान्दाइ डोंगर आला. उंची १,८१६ मीटर. १८८८ मध्ये याचा स्फोट होऊन उत्तरेची अख्खी बाजू ढासळली होती. दक्षिणेकडून, गाडीतून, तो मात्र एकदम शहाणा दिसतो. इनावाशिरो स्टेशन गेलं. जुन्या हजाराच्या नोटेवरचे डॉक्टर नोगुचि हिदेयो इथले. लहानपणी घरातल्या जमिनीतल्या चुलीत पडून त्यांचा डावा हात भाजला होता. पुढे ते जंतुशास्त्रज्ञ झाले आणि १९२८ मध्ये पीतज्वराचा अभ्यास करताना आफ्रिकेत त्याच रोगाने गेले. दुसऱ्या दिवशी एका खानावळीतल्या कूपनच्या यंत्राने माझी नवी कोरी नोट तीनदा बाहेर टाकली, तेव्हा बाबांनी पाकिटातून जुने नोगुचि काढून दिले. ते लगेच चालले.

आइझू-वाकामात्सुचा लाल कौलांचा किल्ला आम्ही बाहेरूनच पाहिला. आतला बुरूज १९६५ साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला आहे, आणि ज्या माणसाने अजिंक्यतारा, सज्जनगड, वसंतगड पायी केलेत त्याला काँक्रीटच्या किल्ल्यात रस नव्हता. साझाएदोने मात्र सगळ्यांना गुंगवलं. इइमोरी टेकडीवरचं हे १७९६ सालचं लाकडी देऊळ. सहा बाजूंचं, सुमारे साडेसोळा मीटर उंच, आणि आत एकही जिना नाही. शंखाच्या पिळासारखा उतार चढत वर जायचं, माथ्यावर एक छोटा पूल ओलांडायचा आणि दुसऱ्या पिळाने खाली यायचं. चढणारा आणि उतरणारा कुठेच समोरासमोर येत नाहीत. पूर्वी वाटेत करुणेची देवता कान्नोनच्या तेहेतीस मूर्ती होत्या. एक फेरी केली की तेहेतीस क्षेत्रांची यात्रा पदरात. आई माळकरी आहे. वर पोचल्यावर दम खात म्हणाली, "आषाढीला पंढरपुरात असं काहीतरी बांधायला हवं होतं. दर्शन घेऊन निघालेला माणूस रांगेत आडवा येत नाही."

दुपारी दक्षिणेकडे निघालो, पण ही आइझू रेल्वे. ती जेआरची नाही, त्यामुळे आमचे पास तिथे चालत नाहीत. नवऱ्याने लगेच हिशेब केला, रोजचे माणशी २,४१० येन, म्हणजे आज इतके वाया. बाबांनी त्याला समजावलं की पास काढला म्हणून रोज हिंडलंच पाहिजे असं नसतं, कॉलेजची पोरंही रविवारी घरीच बसायची.

युनोकामी ओन्सेन स्टेशनच्या इमारतीवर गवताचं छप्पर आहे. त्यावर हातभर बर्फ, आत जमिनीत पेटलेली चूल, तिच्याभोवती बसायला जागा, आणि बाहेर पाय बुडवून बसायला गरम पाण्याचं टाकं. आई चुलीपाशी गेली आणि हात शेकत बसली. धूर डोळ्यांत गेल्यावर पदराने डोळे पुसून म्हणाली, "लाकूड ओलं आहे." आजूबाजूच्या जपानी मंडळींना कळलं नाही, पण तिथल्या एका आजींनी उठून लाकूड सरकवून ठेवलं, म्हणजे त्यांचंही मत तेच असावं. मग बाकीच्यांनी टाक्यात पाय सोडले. गुडघ्यापर्यंत चटका आणि वर कानाला झोंबणारी हवा. बाबांनी माकडटोपी कपाळापर्यंत ओढली आणि अर्धा तास हलले नाहीत.

पुढे एक-दोन स्टेशनं फिरून संध्याकाळी आम्ही एका बिनमाणसाच्या थांब्यावर परतीची गाडी पकडली. एकच डबा, डिझेलवर चालणारा. दारातून चढलं की बाजूला एक पेटी असते, तिच्यातून चिटोरं ओढून घ्यायचं. त्यावर फक्त एक आकडा. ना गावाचं नाव, ना पैसे. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक फलक, त्यात आकड्यांचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात रक्कम. गाडी पुढे जाईल तशी रक्कम वाढत जाते. मी हे समजावून सांगायला तोंड उघडलं तोवर बाबा म्हणाले, "टप्पा! हा चढलेला टप्पा, आणि तो वर टप्प्याचा दर." एसटीत सहा किलोमीटरला एक टप्पा असायचा आणि सगळे दर पाठ. इथे कंडक्टर नाही, ड्रायव्हरच सगळं बघतो. चिटोऱ्यावरचा आकडा आणि फलकावरचा आकडा जुळवून तेवढे पैसे चिटोऱ्यासकट पुढच्या पेटीत टाकायचे. पेटी सुट्टे परत देत नाही. आधी शेजारच्या फटीत हजाराची नोट सरकवून नाणी करून घ्यायची आणि मगच नेमके पैसे टाकायचे.

आमचा मुक्काम होता तिथल्या स्टेशनवरही तिकीटखिडकी नव्हती. म्हणजे पाच जणांचे पैसे पेटीतच. बाबा दोन स्टेशनं आधीच उठून पुढे जाऊन उभे राहिले. नोट मोडली, तळहातावर नाणी मांडली, मोठ्यांची चार आणि ओवीचं अर्धं असे पाच ढीग बोटांच्या मधे धरले. धावत्या गाडीत, कशाला न धरता, पाय जरा फाकवून. ही उभं राहायची पद्धत मी लहानपणी कराड-पाटण गाडीत रोज बघितली आहे. गाडी थांबली. एकेक ढीग चिटोऱ्यासकट पेटीत पडला. काचेतून ड्रायव्हरने नजर टाकली, पांढरा हातमोजा टोपीला लावला. बाबांनीही कपाळाला हात लावला. खाली उतरून गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते तिथेच बर्फात उभे होते. मग म्हणाले, "एकटा माणूस. गाडी चालवायची, दार बघायचं, पैसे बघायचे. आणि बेल मारायला मागं कुणी नाही."

मुक्कामाच्या घरात कोतात्सु होतं. बुटकं टेबल, खाली हीटर, वरून जाड रजई चारी बाजूंनी सोडलेली. पाय आत घातले की माणूस बाहेर यायला तयार होत नाही. आई त्याला 'गोधडीचं टेबल' म्हणते. जेवणाचं मी आधी कळवून ठेवलं होतं. जपानात नुसतं 'मांस-मासे नको' सांगून भागत नाही, कारण सूप, भाजी, सोबा नूडल्सचा रस्सा, सगळ्यांच्या तळाशी सुकवलेल्या माशाचं पाणी असतं. 'माशाचा दाशि (रस) नको, कोंबु आणि शिताकेचा, म्हणजे समुद्रशेवाळाचा आणि मशरूमचा, चालेल' असं नेमकं सांगावं लागतं, आणि तेही आदल्या दिवशी, ताटावर बसल्यावर नाही. घरच्या बाईंनी आईसाठी वेगळं शिजवलं: तोफु, रानभाज्या, लोणची, भात. बाबांना आइझूचं कोझुयु मिळालं. सुकवलेल्या शिंपल्याच्या रस्स्यात कंद, गाजर, मशरूम बारीक चिरून. त्यांनी तीन वाट्या घेतल्या आणि आईकडे पाहिलं नाही. सामायिक न्हाणीघरात विवस्त्र उतरायला आई कदापि तयार नव्हती. पाऊण तासासाठी खाजगी कुंड मिळालं, तिथे आम्ही मायलेकी आणि ओवी गेलो. त्याबद्दल आई अजून माहेरच्या कुणाला बोललेली नाही.

आईचा खरा आधार मेतकूट होतं. घरून स्टीलच्या डब्यात भरून आणलेलं. कोन्बिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातला, साध्या भाताचा डबा तिथल्याच मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घ्यायचा, वर लोण्याचा खडा, मेतकूट, मीठ. झालं जेवण. तिसऱ्या दिवशी सकाळी आइझू-वाकामात्सुला परत आलो, फलाटाच्या टोकापर्यंत गेलो, आणि आई थबकली. डबा सीटवर राहिला होता.

धावत ऑफिसात गेले. तिथल्या तरुणाने कागद पुढे ओढला. कुठला डबा, कुठली बाजू, केवढा, कसला. स्टीलचा, गोल, कडीचा. आत काय? मी अडकले. मेतकुटाला जपानीत काय म्हणायचं? भाजलेल्या डाळींचं पीठ, पिवळं, हळद, हिंग. शेवटी म्हणाले, "करीची चव असलेलं किनाको." किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, मोचीवर, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यांवर घालतात. त्याने शांतपणे तसंच्या तसं लिहून घेतलं. गाडी अजून फलाटावरच होती. दहा मिनिटांत तो दोन्ही हातांत डबा धरून आला, झाकणावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. आईने कडी उघडून चिमूटभर त्याच्या तळहातावर ठेवलं. ड्युटीवर होता, खाल्लं नाही; वास घेतला आणि म्हणाला, "आ, खरंच किनाको." चिठ्ठी आईने अजून काढलेली नाही.

तिथून तादामी लाइन. १३५.२ किलोमीटर, आइझू-वाकामात्सु ते कोइदे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या गाड्या दिवसाला तीन. जुलै २०११ च्या पुरात हिचे पूल वाहून गेले आणि मधला २७.६ किलोमीटरचा तुकडा अकरा वर्षं बंद पडला. बसने भागेल, रूळ कशाला, असाही विचार होता. गावांनी आणि प्रांताने हट्ट धरला. आता त्या तुकड्याचे रूळ-पूल फुकुशिमा प्रांताच्या मालकीचे आहेत, गाडी जेआर चालवते. १ ऑक्टोबर २०२२ ला ती पुन्हा सुरू झाली. तोट्यातल्या फेऱ्या गावासाठी चालू ठेवायच्या, हे बाबांना कुणी समजावायची गरज नव्हती.

आम्ही तासाभराने यानाइझूला उतरलो. नदीवर कड्याच्या टोकाशी एन्झोजी देऊळ आहे. मान हलवणारी लाल गाय, आकाबेको, ती इथलीच म्हणतात. देवळासाठी लाकडं ओढणाऱ्या बैलांची गोष्ट तिच्यामागे आहे. तिच्या अंगावरचे काळे ठिपके म्हणजे देवीचे फोड. घरात ही असली की पोरांना देवी येत नाहीत, असा समज होता. आईने एक घेतली आणि तिच्या कपाळाला बोट लावून नमस्कार केला.

देवळाखालच्या रस्त्यावर वाफेचे ढग निघणारी दुकानं. तिथे आवामान्जु मिळतात, मुठीत मावतील एवढे, पिवळे, खरखरीत. जुन्या एका आगीनंतर देवळात हे करायला लागले. 'आवा' म्हणजे एक धान्य आणि 'आवानाइ' म्हणजे गाठ न पडो; संकटाशी पुन्हा गाठ न पडो म्हणून. आत लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण. ना मासा, ना अंडं. आईने एक फोडलं, वरचे दाणे बोटांवर घेऊन चोळले, उजेडात धरले.

"अगं, हे राळे."

मी म्हटलं, नसेल. फोनवर बघितलं. तेच. आमच्याकडे भोगीला राळ्याचा भात करतात, एरवी वर्षभर कुणी विचारत नाही. आईचं म्हणणं, तिच्या लहानपणी राळे शेतात असायचे, आता वाण्याकडे आधी सांगून ठेवावं लागतं. तिने दुकानातल्या बाईंना मराठीत सगळं सांगितलं. बाईंनी जपानीत उत्तर दिलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी मधे पडले नाही. आम्ही मुक्कामाला दहा मान्जु घेऊन गेलो, सकाळी दोन उरले होते.

चौथ्या दिवशी दुपारची गाडी. एवढ्या आडवाटेला गर्दी कसली, असं मला वाटलं होतं. खिडकीच्या बहुतेक जागा कॅमेरेवाल्यांनी धरलेल्या होत्या. नदी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पूल आला की गाडी हळू होते. पाणी हिरवं, स्थिर, त्यात दोन्ही काठांची पांढरी झाडं उलटी. आवाज फक्त इंजिनाचा. आइझू-कावागुचीला गाडी बराच वेळ थांबली. फलाटाला लागूनच नदी. पुढच्या एका गावात बर्फ उपसणाऱ्या म्हाताऱ्याने फावडं रोवलं आणि आमच्याकडे हात हलवला. ओवीने हलवला, मग सगळ्या डब्याने. तादामी येईतो अंधारलं. इथून पुढचा घाटरस्ता बर्फामुळे हिवाळाभर बंद असतो, त्यामुळे पलीकडे जायला रेल्वेच. सहा किलोमीटरहून लांब बोगदा लागला तेव्हा आई झोपलेली होती, बाबा दारापाशी बटणाशेजारी.

कोइदेला बर्फ उंचीने माझ्या बरोबरीचा. रस्त्याच्या मधोमध नळ्या पुरलेल्या असतात, त्यांतून जमिनीखालचं पाणी कारंज्यासारखं उडत राहतं आणि बर्फ वितळतो. पाण्यातल्या लोखंडाने रस्ते तांबडे होतात. पांढऱ्या गावात तांबडा रस्ता, आणि आमचे सगळ्यांचे मोजे ओले. रात्री एचिगो-युझावाला पोचून आम्ही फक्त झोपलो.

शेवटच्या दिवशी युझावाहून मिनाकामीची गाडी. दिवसाला पाच-सहाच असतात. १९३१ चा शिमिझु बोगदा, ९,७०२ मीटर. त्यातून बाहेर पडून गाडी डोंगरातच गोल फिरते आणि आपण ज्या स्टेशनवर जाणार ते आधी खाली खेळण्यासारखं दिसतं. मिनाकामीतही बर्फ होताच. नुमाता गेलं तसा विरळ झाला, आणि ताकासाकीला तर लख्ख ऊन, कोरडी शेतं, सुकं गवत आणि नुसता बोचरा वारा. दोन-अडीच तासांपूर्वी आम्ही कमरेएवढ्या बर्फात होतो. नवरा सांगायला लागला की सैबेरियाकडून वारा येतो, वाटेत समुद्रावरून ओल घेतो, डोंगराला अडतो, पलीकडेच सगळं टाकून देतो.

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "महाबळेश्वरला कोसळतो, आणि आमच्या माण-खटावला टँकर."

१३ जानेवारीला भोगी होती. आईने निशी-कासाईच्या दुकानातून आवाचं पाकीट आणवलं, तीळ, वांगी, गाजर, मटार मिळाले, बाजरीचं पीठ इथल्या भारतीय दुकानात होतं. भात चिकट झाला. पाकिटावर बघितलं तर 'मोची-आवा' लिहिलेलं, म्हणजे चिकट जातीचे राळे. आई पातेल्यात डाव घालून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मेतकूट आण."